भिंत विरुद्ध शिडी, सतरा-सोळा

“मावशी, जरा हळू चाल. आपण चोर पकडायला निघालोय का?”

“तू तुझ्या चालीने ये. रस्ता कुठे पळून चाललाय?”

“रस्ता नाही, तू पळतेयस.”

मावशीने वळूनही पाहिलं नाही. कालव्याच्या कडेचा तो रस्ता लांबच लांब होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या पाठी, आणि मधून ही सत्तरी कधीच ओलांडलेली बाई कापडी बूट घालून अशी निघाली होती, की समोरून येणारा सायकलवाला आपणहून बाजूला झाला. मागून तिची भाची. तिच्या चपलेचा अंगठा सैल झाला होता, आणि तो सावरता सावरता ती दर थोड्या वेळाने मागे पडत होती.

“इथून बस जाते गं. मी थांबा पाहिला मघाशी.”

“बसमध्ये एका जागी बसून राहावं लागतं. मला आज बसवत नाही.”

हे मात्र खरं होतं. काल संध्याकाळी क्लबातून आल्यापासून मावशीच्या पायाला भिंगरी लागली होती. रात्रीच्या जेवणात तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि खारट झाल्याबद्दल भाचीलाच बोलली. सकाळी देवापुढे उभी राहिली तर हात जोडलेले आणि डोळे खिडकीबाहेर. मग आवरलेलं कपाट तिने पुन्हा आवरायला काढलं, ते अर्धवट टाकून बूट चढवले आणि म्हणाली, “येतेस का जरा पाय मोकळे करायला?” मासिकात लिहिणारी ही भाची चार दिवस माहेरपणाला आल्यासारखी मावशीकडे आली होती. तिला वाटलं, कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत. बाग गेली, शाळा गेली, वस्ती संपली, तरी मावशीचे पाय काही मोकळे झाले नाहीत.

कालव्याचा पूल आला तशी भाची कठड्याला टेकून उभीच राहिली. “आता सांग. कुठे चाललोय, ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

मावशीने पुलावरून खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि पाण्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, “शिडीकडे.”

भाचीचा चपलेकडे गेलेला हात तसाच राहिला. शिडीचं नाव घरात निघायचं ते फक्त आकड्यांत. शिडीकडे कोणी जायचं असतं, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

शिडी म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. मावशी तरुण होती तेव्हा गावात टेनिस खेळणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांत बघण्यासारख्या दोघीच. एक ही. अंगाने लहान, पण मागच्या रेषेवर उभी राहिली की समोरून काहीही मारा, परत यायचंच. म्हणून हिला सगळे भिंत म्हणायचे. दुसरी उंच, हातापायांनी लांब, सर्व्ह केला की दोन ढांगांत नेटपाशी येऊन उभी. ती शिडी. लोक पैजा लावायचे, की आज शिडी भिंतीवर चढते की घसरते. लाकडी रॅकेटी होत्या. त्यांची तात, म्हणजे गट, तुटली की आठवडाभर उसनी रॅकेट घेऊन खेळावं लागायचं. पण या दोघींचा सामना असला की टाइपरायटिंगच्या क्लासातली मुलं तास बुडवून तारेच्या कुंपणाला लोंबकळायची.

दोघी एकमेकींसमोर तेहतीस वेळा उभ्या राहिल्या. भिंतीचे सतरा विजय, शिडीचे सोळा. हा आकडा मावशीच्या घरात एखाद्या जन्मतारखेसारखा पाठ होता. मावशी कधी कशात पुढे नव्हती. वडील लवकर गेले, लग्न राहून गेलं, धाकट्या बहिणीला तिने वाढवलं आणि चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात आयुष्यभर काचा घासल्या. कोणी फार शहाणपणा शिकवायला लागलं की ती पदर खोचायची आणि म्हणायची, “एकाने का होईना, पण मी पुढे आहे.” कशात पुढे, ते नव्या माणसाला कळायचं नाही. घरातल्यांना कळायचं.

कारखान्यातली ती नोकरीही टेनिसनेच दिली. कारखान्याच्या संघात एक मुलगी घ्यायची होती. अट अशी, की त्या मोसमात नावाजलेल्या खेळाडूंवर तीन विजय हवेत. मावशीचे दोन झाले होते आणि मोसमातली शेवटची स्पर्धा उरली होती. तिच्यात उपांत्य सामना पडला शिडीशी. आणि आदल्या दिवशी शिडीचा पाय मुरगळला! क्लबात सगळे म्हणाले, चला, भिंतीला पुढे चाल मिळाली. समोरचा आलाच नाही तर न खेळता पुढे जाता येतं, ती ही चाल. मावशी निवांत झोपली. झोपायच्या आधी धाकटीला उठवून तिने सांगितलं, की आपलं काम झालं.

दुसऱ्या दिवशी शिडी आली. घोट्याला जाड पट्टी, बुटाची नाडी सोडलेली, कुंपणाला धरधरून एकेक पाऊल टाकत आली आणि कोर्टावर उभी राहिली. मावशीने सर्व्ह केला. चेंडू शिडीच्या बाजूने निघून गेला आणि ती जागची हलली नाही. मग तिने अंपायरकडे हात वर केला, “सोडते” म्हणाली, पाठ फिरवली आणि हात मिळवायला नेटपाशीसुद्धा न येता निघून गेली.

मावशी ते विसरली नाही. “मला एका पायावर हरवायला आली होती,” ती सांगायची. “एवढा ताठा! आणि नाही जमलं तर हात मिळवायचीही लाज वाटली बाईसाहेबांना.” त्यानंतर दोघी कितीदा तरी खेळल्या, पण नेटवर हात मिळवताना मावशीने तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही, आणि स्कोअर सोडून एक शब्द काढला नाही.

आता क्लबाने ठरवलं होतं, की पॅव्हेलियनच्या भिंतीवर जुन्या जोड्यांचे आमनेसामने आकडे रंगवायचे. जे समोरासमोर खेळत आले, त्यांची नावं आणि कोण किती वेळा जिंकलं ते. रंगारी उद्या यायचा होता. मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला म्हणून सेक्रेटरीने मावशीला काल बोलावून घेतलं. हा सेक्रेटरी म्हणजे निवृत्त माणूस, उभी नोकरी त्याने त्याच काचांच्या कारखान्यात माणसं भरण्याच्या खात्यात काढलेली.

“सतरा-सोळा,” तो म्हणाला. “बरोबर ना ताई?”

“मला झोपेतून उठवून विचारा.”

“नाही, त्या पायाच्या वर्षीचा एक सामना मी जरा तपासून घेतला. पुढे चाल असती तर धरता आला नसता. आमनेसामने मोजताना न खेळलेला सामना धरत नाहीत. पण एक पॉइंट झाला होता, म्हणजे खेळ सुरू झाला. मग सोडला तरी तो पराभवच.”

“असं असतं होय,” मावशी म्हणाली. तोवर तिला काही वाटलं नव्हतं.

“असंच तर! आपल्या कारखान्याचाही हाच नियम होता की. पुढे चालीचे विजय आम्ही सरळ कापायचो. ती उंच बाई त्या दिवशी आली नसती, तर तुमचे दोनच राहिले असते. मग कुठली नोकरी नि कुठलं काय!” तो हसला आणि पुढच्या जोडीकडे वळला.

मावशीला मात्र पुढची जोडी दिसलीच नाही. ती घरी कशी आली, तेही तिला आठवत नव्हतं.

हे सगळं तिने पुलावर उभं राहून सांगितलं. सांगतानाही एका जागी नव्हती. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, आणि परत.

“म्हणजे तुला वाटतं, ती मुद्दाम...” भाची म्हणाली.

“मला काही वाटत नाही. वाटून वाटून काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मला तिला विचारायचंय. आणि जर तसं असेल, तर उद्या रंगारी यायच्या आत तो सामना काढायला लावायचाय. सोळा-सोळा. मला नको कोणाची भीक.”

“आणि तसं नसेल तर?”

“तर सतरा-सोळा. मग मी बसने येईन घरी.”

शिडीची लाँड्री बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. दारातच वाफेचा आणि गरम कापडाचा वास. आत वरच्या दांड्यावर शर्ट, कोट, पडदे ओळीने लटकलेले, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टोचलेली. मागे शिडीची सून मोठ्या प्रेसवर चादर दाबत होती. झाकण खाली आलं की फुस्स करून ढग उठायचा आणि ती त्यात गुडुप व्हायची. काउंटरमागे उंच स्टुलावर शिडी. बसूनसुद्धा ती मावशीपेक्षा उंच दिसत होती. नाकावर चष्मा, समोर शर्टाची कॉलर, हातात डाग काढायचा ब्रश.

तिने चष्म्यावरून पाहिलं. ब्रश थांबला नाही.

“कपडे कुठायत?”

“कपडे नाही आणले.”

“मग लाँड्रीत कशाला आलीस, भिंते?”

इतक्या वर्षांनी कोणी त्या नावाने हाक मारली आणि मावशीच्या खांद्यात एकदम ताठपणा आला. आता सर्व्ह यायचाय, अशी ती पाय फाकवून उभी राहिली. भाचीने हसू दाबलं.

“तुझा कान शाबूत आहे ना? एक विचारायला आलेय, शिडे.”

“कानाचं काय घेऊन बसलीस? बस तरी.”

“बसत नाही. त्या वर्षी तुझा पाय सुजला होता. तू का आलीस?”

शिडीने कॉलर उलटी केली, उजेडात धरली. “हाच प्रश्न तुला आत्ता पडला? तुझा मेंदूही मागच्या रेषेवरच उभा असतो वाटतं.”

मागून सून खुदकन हसली. शिडीने वळून पाहिलं तशी पुन्हा वाफेत गेली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. कोट हवा होता. चिठ्ठी हरवली होती, रंग आठवत नव्हता. शिडीने त्याच्याकडे एकदा पाहून बरोबर तो कोट काढून दिला, बटणाबद्दल दोन शब्द सुनावले आणि त्याला वाटेला लावलं. हे चाललं होतं तोवर मावशी काउंटरच्या कडेवर बोटं वाजवत होती. भाचीने तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला.

“मला नियम माहीत नव्हता,” मावशी म्हणाली. “चालीचा विजय कापतात, हे मला काल कळलं. तुला माहीत होता?”

“मला नसणार तर कोणाला? आदल्या वर्षी त्याच नोकरीला मी अर्ज केला होता. माझे तीन झाले होते. त्यांतले दोन चालीचे. दोन्ही कापले आणि मला घरी पाठवलं.” तिने ब्रश खाली ठेवला. “ही लाँड्री काय मला लहानपणापासून आवडत होती, असं वाटलं तुला?”

मागे प्रेसचं झाकण एकदा खाली येऊन वर गेलं.

“तुझे दोन झालेत, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. सगळे तुला म्हणत होते, चाल मिळाली, काम झालं. मी घरी पाय पाण्यात घालून बसले होते आणि म्हटलं, ही भिंत आता आनंदात झोपेल आणि महिन्याने रडेल. निरोप धाडला असता तर तू ऐकलं असतंस? म्हणाली असतीस, शिडी मला घाबरवतेय.”

“म्हणाले असते,” मावशीने कबूल केलं.

“मग आले. फक्त एक पॉइंट हवा होता. आणि तू काय केलंस? पहिला सर्व्ह नेटमध्ये घातलास! मी मनात देवाचा धावा करतेय, की बाई, दुसरा तरी लवकर टाक, मला उभं राहवत नाहीये.”

भाचीला आता हसू आवरेना. मावशी तिच्यावर डाफरली, “हसायला काय झालं?” आणि मग शिडीकडे वळून, अगदी हळू आवाजात: “मग हात का नाही मिळवलास?”

“अगं, हात मिळवायला नेटपर्यंत चालत यावं लागतं! पाय कुठे होता मला? दाराबाहेर गेले आणि तिथेच बसले. भावाने उचलून नेलं. पुढे महिनाभर प्लॅस्टरमध्ये.”

मावशीने स्टूल ओढलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली. पण क्षणभरच. लगेच उठली.

“का केलंस? मी तुझी कोण?”

शिडीने चष्मा काढून पदराने पुसला. “तुझी ती धाकटी बहीण सामन्याला यायची ना? कुंपणापाशी उभी राहून नखं खायची. तू हरलीस की तिचं तोंड बघवत नसे.” मग तिने भाचीकडे नीट पाहिलं. “ही तिचीच ना? हनुवटी तीच आहे.”

“हो, तिचीच.”

“पण तेवढ्यासाठी नाही हं. उगाच मला देवीबिवी करू नका. खरं सांगू? त्या नोकरीशिवाय तुझा खेळ सुटला असता. कुठेतरी कपडे शिवत बसली असतीस. मग मी कोणाला हरवणार होते? बाकीच्या पोरी होत्या त्या! दोन फटक्यांत गार. तुझ्यासारखं डोकं कोणी खात नव्हतं.”

“मी तो सामना काढायला लावते,” मावशी म्हणाली. “उद्या रंगारी यायचाय. सोळा-सोळा करते.”

शिडी स्टुलावरून उतरली. उभी राहिली तशी वरचे हँगर तिच्या डोक्याला लागले.

“हात लावून बघ त्या सामन्याला! मी त्या पायावर तिथपर्यंत आले, ते तू खोडून टाकणार? तो सामना मी हरले. माझ्या मर्जीने हरले. तो माझा पराभव आहे, तुझ्या बापाचा नाही. सतराच्या सतरा रंगव आणि जा घरी.”

“आणि मी जन्मभर सांगत फिरले, की मी पुढे आहे. त्याचं काय?”

“आहेस की पुढे. कोण नाही म्हणतंय?” शिडी पुन्हा बसली आणि कॉलर समोर ओढली. “आता सरक. उजेड अडवतेस.”

बाहेर आल्यावर भाचीने बसथांब्याकडे बोट दाखवलं. मावशी त्याच्यासमोरून निघून गेली. पुन्हा कालवा, पुन्हा गोदामांच्या पाठी. फक्त आता तिचा वेग एकसारखा नव्हता. मधेच झपाझप, मधेच थांबून काहीतरी पुटपुटायची. एकदा तर उलटी वळून बाजाराकडे चालायला लागली. भाचीने दंड धरून तिला सरळ केलं.

“आता काय राहिलं?”

“आभार राहिले.”

“तिने घेतले नसते.”

“तेच तर ना. घेतले असते तर मी सुटले असते.” थोडं पुढे जाऊन ती म्हणाली, “इतकी वर्षं मी काचा घासल्या. तुझ्या आईची शाळा, तिचं लग्न, आपलं घर. मला वाटायचं, हे माझ्या हाताच्या जोरावर. सर्व्हवर. आणि इतकी वर्षं मी त्या बाईच्या डोळ्यांत बघितलं नाही.”

“आता बघितलंस ना.”

“एका सकाळीने काय होतंय गं?”

भाचीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मावशीच्या पावलाला पाऊल लावत चालत राहिली. पुलावर पोचल्यावर तिने सेक्रेटरीला फोन लावून दिला. मावशीने फोन कानापासून लांब धरून ओरडून सांगितलं, “सतरा-सोळाच! काही बदलायचं नाही!” पलीकडून तो काय बोलला कोण जाणे, मावशी म्हणाली, “मी कुठे म्हणतेय बदला?” आणि फोन परत केला.

मग तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

“तू ते माणसांवर लिहितेस ना, मासिकात,” ती म्हणाली.

“हो.”

“भिंतीवर नुसता आकडा येणार. येणारे-जाणारे वाचतील आणि म्हणतील, भिंत वरचढ होती.”

“मी लिहू का हे?”

मावशीने भाचीचं मनगट धरलं. काचा धरून धरून कडक झालेली तिची बोटं भाचीला रुतली.

“लिही. पण तिला मोठ्या मनाची वगैरे करू नकोस हं. वाचून ती इस्त्री घेऊन अंगावर येईल. ती मला हरवायलाच यायची, आणि सोळा वेळा हरवलंनही. एवढंच लिही, की त्या दिवशी ती आली होती. आणि लिहून झालं की छापायच्या आधी तू स्वतः जाऊन तिला वाचून दाखव. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.”